औषधाच्या बिलातला कर आणि आपली प्रकृती

औषधे दाखवायला दवाखान्यात परत येणारे रुग्ण हल्ली गोळ्यांबरोबर दुकानाचे बिलही माझ्यापुढे ठेवतात. त्यांचे प्रश्न साधारण तीन असतात. पहिला, 'डॉक्टर, एकाच पाकिटावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा दोनदा कर कसा?' दुसरा, 'औषधांवरचा कर उतरला म्हणतात, मग पाकिटावर किंमत तीच का छापली आहे?' आणि तिसरा, 'हॉस्पिटलला कर माफ आहे ना, मग बिल एवढे कसे झाले?'

मी काही करसल्लागार नाही. तरीही आरोग्याच्या या सदरात हा विषय घेतो आहे, त्याला कारण आहे. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या रुग्ण मध्येच सोडतात, त्यामागे अनेकदा पैशाची ओढाताण असते. महिन्याच्या तीस गोळ्यांऐवजी पंधराच घेतल्या जातात आणि एक दिवसाआड एक असा हिशोब सुरू होतो. रक्तदाबाला हा हिशोब समजत नाही. तो रोज वाढायचा तेवढा वाढतो. म्हणून औषधाच्या किमतीत काय काय दडलेले असते आणि त्यातले आपल्या हातात किती आहे, हे प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.

पूर्वी काय होते?

१ जुलै २०१७ पूर्वी एका वस्तूवर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे कर लागत. कारखान्यातून माल बाहेर पडताना केंद्राचे उत्पादन शुल्क असे. राज्यात विक्री झाली की राज्याचा विक्रीकर लागे. मुंबई विक्रीकर कायदा १९५९ सालचा होता. १ एप्रिल २००५ पासून त्याच्या जागी मूल्यवर्धित कर, म्हणजे आपण ज्याला व्हॅट म्हणत होतो तो आला. परराज्यातून माल आणला तर केंद्रीय विक्रीकर वेगळा. तो शेवटी २ टक्के होता, पण त्याची वजावट खरेदीदाराला मिळत नसे. शिवाय शहराच्या वेशीवर जकात होतीच. कोल्हापूरकरांना नाक्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रकच्या रांगा आठवत असतील. जकातीच्या जागी पुढे एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली.

या व्यवस्थेचा मोठा दोष असा की करावर कर बसे. कारखान्यात भरलेले उत्पादन शुल्क किमतीत मिसळून जाई आणि त्या वाढलेल्या किमतीवर राज्याचा कर लागे. ग्राहकाला बिलावर फक्त शेवटचा कर दिसे. आधीचे कर मालाच्या पोटात गेलेले असत.

दोन नावे, पण कर एकच

वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी आल्यावर यातले बहुतेक कर एकत्र झाले. आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. बिलावर दोन ओळी दिसतात, पण कर दोनदा घेतलेला नसतो. औषधावर ५ टक्के कर असेल तर त्यातला अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून भाकरी दोन होत नाहीत.

कोल्हापूरच्या दुकानदाराने बेळगावच्या वितरकाकडून माल आणला तर खरेदीच्या बिलावर आयजीएसटी अशी एकच ओळ येते. दर तोच, कारण माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आला. निपाणीचा रुग्ण मात्र कोल्हापुरात येऊन दुकानाच्या काउंटरवरून औषध घेतो, तेव्हा त्याच्या बिलावर आपल्यासारख्याच दोन ओळी असतात.

हा कर साखळीने कसा चालतो ते एका काल्पनिक पाकिटावरून पाहू. कंपनीने गोळ्यांचे पाकीट घाऊक व्यापाऱ्याला १०० रुपयांना विकले आणि त्यावर ५ रुपये कर घेऊन सरकारला भरला. घाऊक व्यापाऱ्याने ते ११० रुपयांना दुकानदाराला दिले आणि साडेपाच रुपये कर घेतला. त्याने आधी ५ रुपये कंपनीला दिलेलेच आहेत, त्यांची वजावट करून तो सरकारला फक्त ५० पैसे भरतो. दुकानदाराने आपला नफा धरून ते १४० रुपयांना विकले, त्यावर ७ रुपये कर घेतला आणि आधी दिलेले साडेपाच वजा करून दीड रुपया भरला. ५ रुपये, ५० पैसे आणि दीड रुपया मिळून सरकारकडे बरोबर ७ रुपये जमा झाले. करावर कर कुठेच बसला नाही.

पण यात एक गोष्ट पाहा. कंपनीने कर भरला तो घाऊक व्यापाऱ्याकडून घेऊन, घाऊक व्यापाऱ्याने दुकानदाराकडून आणि दुकानदाराने रुग्णाकडून. रुग्णापुढे कोणीच नाही. त्याला वजावट नाही. सगळे ७ रुपये अखेर त्याच्याच खिशातून गेले. शेतावर मजुरी करणारी बाई आणि शिरोलीच्या वसाहतीतला कारखानदार यांनी तेच पाकीट घेतले तर दोघांचा कर सारखाच. प्राप्तिकर माणसाची कमाई पाहून लागतो, हा कर मात्र कमाई विचारत नाही. म्हणूनच औषधांवरचा दर कमी असणे हे गरीब रुग्णाच्या दृष्टीने मोठे महत्त्वाचे आहे.

छापील किंमत आणि बिल

पाकिटावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, ही सर्व करांसह असते. वरच्या उदाहरणात एमआरपी १४७ रुपये असेल. बिलावर १४० अधिक साडेतीन अधिक साडेतीन असे दाखवले तरी एकूण १४७ च झाले पाहिजेत. एमआरपीच्या वर वेगळा जीएसटी लावता येत नाही. कोणी लावला तर तिथेच थांबून विचारावे.

दुकानदाराने १० टक्के सूट दिली तर त्याच पाकिटाचे १३२ रुपये ३० पैसे होतात आणि करही सूट दिलेल्या किमतीवरच, म्हणजे ६ रुपये ३० पैसे, धरला जातो.

२२ सप्टेंबर २०२५ नंतर काय बदलले?

जीएसटी आला तेव्हा बहुतेक औषधांवर १२ टक्के कर ठेवला होता. इन्सुलिन, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि काही जीवरक्षक औषधे ५ टक्क्यांत होती. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत दर बदलण्याचे ठरले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. १२ टक्क्यांची औषधे ५ टक्क्यांवर आली. त्यात आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीची औषधेही आहेत. कर्करोग, दुर्मिळ आजार अशांवरच्या काही जीवरक्षक औषधांवरचा कर पूर्ण गेला. साखर तपासायचे यंत्र व त्याच्या पट्ट्या, नंबरचा चष्मा, वैद्यकीय ऑक्सिजन, बँडेज व गॉज, तपासणीचे संच यांवर आता ५ टक्के आहे. थर्मामीटर १८ वरून ५ टक्क्यांवर आला.

आता दुसरा प्रश्न. कर ७ टक्क्यांनी उतरला, मग १०० रुपयांचे औषध ९३ रुपयांना का नाही? कारण १०० रुपयांच्या छापील किमतीत कर आधीच मिसळलेला होता. ११२ रुपयांच्या जागी आता १०५ होतात, म्हणजे छापील १०० च्या जागी ९३ रुपये ७५ पैसे. शेकडा सव्वासहा रुपये उतरायला हवेत, हे सोपे गणित लक्षात ठेवावे. ज्याच्या रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्यांचे महिन्याला १६०० रुपये होत होते, आणि त्या सगळ्या १२ टक्क्यांतल्या होत्या, त्याला कराच्या बदलामुळे १५०० रुपये पडायला हवेत. वर्षाचे १२०० रुपये वाचले. जो इन्सुलिन घेतो त्याला मात्र त्या कुपीवर फरक दिसणार नाही, कारण ती पूर्वीपासून ५ टक्क्यांतच आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पूर्वी छापलेल्या पाकिटावर जुनीच किंमत असते. असा सगळा माल परत बोलावून नवे लेबल लावण्याची सक्ती कंपन्यांवर केली नव्हती. मात्र त्यांनी सुधारित किमतींची यादी दुकानदारांना द्यायची आणि दुकानदाराने त्या किमतीलाच विकायचे, असे ठरले. म्हणून जुन्या छापाचे पाकीट हातात आले तर छापील आकड्यावर जाऊ नका. सुधारित यादी दाखवा, असे सांगा. विचारायला संकोच नको. औषधांच्या किमती इतर कारणांनीही बदलतात. सरकारने कमाल किंमत ठरवून दिलेल्या औषधांची मर्यादा दर एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकानुसार सुधारली जाते. त्यामुळे नव्या छापाच्या पाकिटाची जुन्याशी तुलना करताना तारीख पाहावी.

कर माफ म्हणजे करमुक्त नव्हे

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि घराचे बजेट कोलमडते तेही इथेच. डॉक्टरांची तपासणी फी आणि रुग्णालयातले उपचार यांवर जीएसटी नाही. माझ्या पन्नास-शंभर रुपयांच्या फीवरही नाही. भरती रुग्णाला उपचाराचा भाग म्हणून रुग्णालय जी औषधे देते ती उपचारातच धरली जातात. नातेवाईक चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात गेले, तर मात्र ती औषधाची साधी विक्री होते आणि करासह किंमत पडते.

खोलीभाड्याला एक अपवाद आहे. १८ जुलै २०२२ पासून ज्या खोलीचे भाडे दिवसाला ५००० रुपयांपेक्षा जास्त आहे, तिच्यावर ५ टक्के कर लागतो. अतिदक्षता विभागाला हा कर नाही. ६००० रुपयांची खोली घेतली तर कर वरच्या १००० रुपयांवर नव्हे, पूर्ण ६००० वर लागतो, म्हणजे रोजचे ३०० रुपये. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया किंवा केसांचे रोपणही माफीत बसत नाही. अपघातानंतर किंवा जन्मजात व्यंगासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी मात्र माफीत आहे.

मग उपचारांवर कर नसूनही तो बिलात येतो कसा? वरच्या साखळीत दुकानदाराला आधी भरलेल्या कराची वजावट मिळाली, ती पुढे त्याने कर आकारला म्हणून. रुग्णालय रुग्णाकडून कर घेत नाही, त्यामुळे त्याला वजावटही नाही. समजा, एका छोट्या रुग्णालयाने १ लाख रुपयांचे वैद्यकीय उपकरण घेतले. जुन्या दराने त्यावर १२ हजार रुपये कर होता, आता ५ हजार आहे. संगणकावर १८ टक्के. हे पैसे परत मिळत नाहीत. ते रुग्णालयाच्या खर्चात जातात आणि तिथून हळूहळू रुग्णाच्या बिलात उतरतात. बिलावर कराची ओळ नसते, पण कर असतो.

हीच गोष्ट सॅनिटरी नॅपकिनच्या बाबतीत दिसली. त्यांच्यावर आधी १२ टक्के कर होता. देशभरातल्या स्त्रियांनी आवाज उठवल्यावर जुलै २०१८ मध्ये तो पूर्ण माफ झाला. निर्णय योग्यच होता. पण माफीबरोबर कारखानदाराची कच्च्या मालावरची वजावटही गेली. ज्याच्या मालावर शून्य कर, त्याने आधी भरलेला कर त्याच्याच गळ्यात. म्हणून माफीच्या प्रमाणात किंमत पूर्ण उतरतेच असे नाही.

आरोग्य विम्यालाही हेच लागू आहे. स्वतःचा किंवा कुटुंबाचा विमा घेतला तर त्याच्या हप्त्यावर पूर्वी १८ टक्के कर होता. २० हजारांच्या हप्त्याचे २३ हजार ६०० रुपये होत. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर शून्य झाला. मात्र विमा कंपनीचीही वजावट गेली आहे. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी मूळ हप्ता गेल्या वर्षी किती होता आणि यंदा किती आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. कारखान्यातून किंवा संस्थेतून मिळणाऱ्या सामूहिक विम्यावर ही माफी नाही, तिथे १८ टक्के कायम आहेत. ज्यांनी हप्ता परवडत नाही म्हणून विमा सोडला होता, त्यांनी पुन्हा चौकशी करावी. पण वय वाढले, आजार मागे लागले की हप्ता वाढतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुकानदाराची बाजू

औषध दुकानदार हा आपल्या गावातला, गल्लीतला माणूस असतो. रात्री-अपरात्री शटर उघडून औषध देणाराही तोच. त्याची अडचणही समजून घ्यायला हवी.

एक तर हिशोब. प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद, ठरावीक मुदतीत विवरणपत्र, आणि वितरकाने आपले विवरणपत्र वेळेत भरले नाही तर दुकानदाराची वजावट अडकते. संगणक आणि हिशोबनीस यांचा खर्च मोठ्या दुकानाला जाणवत नाही, आजरा-गगनबावड्याकडच्या छोट्या दुकानाला जाणवतो. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर मालाच्या व्यापाऱ्याला साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्याला आपसमेळ योजना, म्हणजे कंपोझिशन, घेता येते. त्यात तो विक्रीवर १ टक्का कर स्वतः भरतो, पण ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही आणि त्याला वजावटही मिळत नाही. अशा दुकानाच्या बिलावर कराची ओळ नसते. त्यात गैर काही नाही. मात्र ओळ असेल तर वर जीएसटी क्रमांकही असला पाहिजे.

दुसरी अडचण मुदत संपलेल्या मालाची. औषध नष्ट करावे लागले तर त्यावर घेतलेली वजावटही सोडावी लागते. त्यामुळे क्वचित खपणारे, पण वेळेला प्राण वाचवणारे औषध ठेवायला छोटा दुकानदार कचरतो. तिसरी गोष्ट दर बदलतानाची. सप्टेंबर २०२५ मध्ये अनेकांच्या कपाटात १२ टक्के भरून घेतलेला माल होता आणि तो ५ टक्क्यांनी विकायचा होता. जास्तीचा भरलेला कर खात्यावर जमा राहतो आणि पुढच्या करातून वळता होतो, पण तोवर भांडवल अडकते. औषध बनवणाऱ्या कंपन्यांनाही अनेक कच्च्या रसायनांवर १८ टक्के भरून तयार गोळीवर ५ टक्केच घेता येतात. फरकाचा परतावा मागता येतो, पण तो येईपर्यंत पैसा गुंततो. दर कमी झाला की ग्राहकाचा फायदा होतो, हे खरे. पण त्या फायद्याची वाट या सगळ्या हिशोबातून जाते.

बिल हेही औषधच

'बिल नको म्हटले तर थोडे कमी करतो' असे कोणी म्हणाले तर मोह आवरा. औषधाच्या बिलावर नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. एखाद्या बॅचमध्ये दोष आढळून ती परत मागवली गेली, किंवा गोळी बनावट निघाली, तर अन्न व औषध प्रशासनाकडे दाद मागायला तोच कागद उपयोगी पडतो. विम्याचा दावाही त्याच्याशिवाय मंजूर होत नाही. वाचलेले चार रुपये अशा वेळी फार महाग पडतात.

एवढे प्रत्येकाने करावे:

१. बिल नेहमी घ्यावे. एकूण रक्कम एमआरपीपेक्षा जास्त नाही ना, हे पाहावे.

२. जुन्या छापाचे पाकीट असेल तर सुधारित किंमत विचारावी. शेकडा सव्वासहा रुपयांचे गणित ध्यानात ठेवावे.

३. जास्त किंमत घेतली असे वाटल्यास आधी दुकानदाराशी शांतपणे बोलावे. तिथे उलगडा झाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

४. रुग्णालयात खोली निवडताना भाडे ५००० च्या वर आहे का, आणि करासह रोजचे किती, हे भरती होतानाच विचारावे.

५. डॉक्टरांना जेनेरिक पर्याय विचारावा. करातली बचत शेकडा सहा रुपयांची. जनऔषधी केंद्रातले त्याच घटकाचे औषध त्याहून कितीतरी स्वस्त मिळू शकते. पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बदल करू नये.

६. पैसे कमी पडत असतील तर गोळी स्वतःच्या मनाने अर्धी करू नका, एक दिवसाआड घेऊ नका. तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बहुतेक वेळा स्वस्त पर्याय निघतो. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयाचा मार्गही मोकळा आहे.

कराचा दर दिल्लीत ठरतो, तो आपल्या हातात नाही. पण तो उतरल्यावर आपल्या घरात पोचतो की वाटेतच राहतो, हे बऱ्याच अंशी आपण बिल वाचतो की नाही यावर अवलंबून आहे. सप्टेंबर २०२५ पासून वाचलेले महिन्याचे शंभर रुपये चहा-भज्यांत घालवू नका. तीन महिन्यांनी एकदा रक्तातील साखर तपासायला त्यातले पैसे बाजूला ठेवा. करसवलतीचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.